लिनक्सवर घरचं रेकॉर्डिंग: जॅक की पाइपवायर?

जॅक आणि पाइपवायर हे लिनक्सवरचे साउंड सर्व्हर, म्हणजे प्रोग्रॅम आणि साउंडकार्ड यांच्यात आवाजाची ने-आण करणारे प्रोग्रॅम. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतोय असं वाटलं, तर आधी मोजा. ऑडिओ इंटरफेसच्या (माइक जोडायच्या साउंडकार्डाच्या) आउटपुटमधून इनपुटला केबल लावून जॅक-आयओडिले हे उशीर मोजणारं साधन चालवलं की पूर्ण फेरीचा उशीर मिलिसेकंदांत दिसतो. पाइपवायरवर तेच पीडब्ल्यू-जॅक या कमांडमार्फत चालतं. नुसत्या बफरवर (एका वेळी हाताळल्या जाणाऱ्या आवाजाच्या तुकड्यावर) विसंबू नका. ४८००० हर्ट्झला १२८ फ्रेम म्हणजे २.७ मिलिसेकंद, पण ते एकाच पिरियडचे, म्हणजे अशा एका तुकड्याचे. यूएसबी आणि कन्व्हर्टरचा (आवाजाचं आकड्यांत आणि परत आवाजात रूपांतर करणाऱ्या भागाचा) वेळ वेगळा.

आकड्यांत माझ्याकडे जॅक किंचित पुढे होता. पाइपवायरमध्ये कार्डाला प्रो ऑडिओ प्रोफाइल दिल्यावर अंतर इतकं कमी झालं, की तान घेताना मला तरी ते जाणवत नाही. तुमचं कार्ड कदाचित वेगळं वागेल.

माझ्यासाठी निर्णय झाला तो दुसऱ्याच त्रासावरून. जॅक साउंडकार्ड पूर्णपणे आपल्या ताब्यात घेतो. आर्डूर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम चालू असताना ब्राउझरमध्ये एखादी जुनी बंदिश ऐकून जागा तपासायची, तर ब्राउझर मुका. जॅक थांबवायचा, ऐकायचं, परत सुरू करायचा, जोडण्या तपासायच्या. तोवर सूर डोक्यातून गेलेला असतो. पल्सऑडिओचा (ब्राउझरसारखे रोजचे प्रोग्रॅम वापरतात त्या साउंड सर्व्हरचा) पूल बांधता येतो, पण तोही सांभाळावा लागतो. पाइपवायरमध्ये दोन्ही एकाच वेळी वाजतात. रियाजात दर थोड्या वेळाने काहीतरी ऐकणाऱ्याला हे फार मोलाचं आहे.

पाइपवायर संथ आहे अशी तक्रार पुष्कळदा होते. त्याचा मूळ क्वांटम (बफरचा आकार) १०२४ फ्रेम, म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद, हे त्यामागचं एक कारण. पीडब्ल्यू-मेटाडेटा या कमांडने फोर्स-क्वांटम १२८ करा आणि मग मत बनवा. आवाजात करकर आली तर पीडब्ल्यू-टॉप ही कमांड उघडा: ईआरआर (चुका) रकान्यात कोणत्या प्रोग्रॅमपाशी आकडा वाढतोय ते ओळीओळीने दिसतं. जॅकच्या क्यूजॅककंट्रोल या प्रोग्रॅममध्ये एक्सरनची (बफर वेळेत न हाताळल्याने आवाज तुटण्याची) एकूण बेरीज मिळते, गुन्हेगार आपणच शोधायचा.

एक मशीन फक्त रेकॉर्डिंगलाच ठेवलं असेल, तर जॅक आजही भक्कम आहे. तिथे मी कुणाला अडवणार नाही. रोजच्या वापराच्या लॅपटॉपवर मात्र आधी पाइपवायरच लावून पाहावा असं मला वाटतं. सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेवा, रिअलटाइम परवानगी (ऑडिओला प्रोसेसरवर अग्रक्रम) मिळतेय का तपासा, क्वांटम २५६ वरून हळूहळू खाली आणा. एवढं करूनही करकर राहिली, तर जॅककडे जरूर वळा.