‘सेम इंजिन हाये भाऊ, चालून जाते’: जुन्या ईसीएमच्या नावाखाली होणारी फसवणूक

फियाटचं १.३ लिटर डिझेल इंजिन आपल्याकडे वेगवेगळ्या नावांनी विकलं गेलं. मारुतीचं डीडीआयएस, टाटाचं क्वाड्राजेट आणि फियाटच्या पुंटो-लिनियातलं मल्टिजेट. २०२० मध्ये बीएस-६ हा धुराचा नवा नियम आला तेव्हा मारुतीने ते बंद केलं, पण वर्धा, यवतमाळ, वाशीमकडच्या गावांत या गाड्या अजून भरपूर धावतात. ईसीएम म्हणजे इंजिनचा कारभार पाहणारा कॉम्प्युटरचा खोका. नवा महाग, म्हणून भंगारातल्या गाडीचा काढून बसवायचा. फसवणूक सुरू होते ती इथेच.

प्रकार बहुतेक वेळा सारखाच असतो. सेल्फ फिरतो, पण गाडी उठत नाही. मिस्त्री स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र) लावतो, स्कॅनर इंजिनशी बोलत नाही. लगेच निकाल: “ईसीएम उडाला भाऊ, टाकाच लागते. नागपुरात एक पडून हाये, सेम इंजिनचा.” ग्राहक गाडी सोडून एसटीने घरी जातो. मागे खरा बिघाड, म्हणजे उडालेला फ्यूज किंवा उंदराने कुरतडलेली वायर, अर्ध्या तासात निघते. बिल मात्र ईसीएमचं लागतं. काही ठिकाणी तर चांगला मूळ ईसीएम काढून ठेवतात आणि तोच पुढच्या गिऱ्हाइकाला विकतात.

आता ‘सेम इंजिन’ म्हणजे काय ते पाहू. स्विफ्ट, डिझायर, रिट्झमधलं इंजिन ७५ पीएस ताकदीचं, त्याचा टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) साध्या वेस्टगेटचा, म्हणजे जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा. एसएक्स-४, अर्टिगा, सियाझमधलं ९० पीएसचं, त्यात आतली पाती हलणारा टर्बो. ब्लॉक तोच, पण हिशेब वेगळा: एकाच बापाचे दोन भाऊ, सातबारा मात्र वेगवेगळा. ७५ चा ईसीएम ९० वर चढवला तर पाती कशी हलवायची हे त्याला माहीतच नसतं. गाडी चालू झालीच तर चढावर दम तोडते, काळा धूर सोडते, पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी असल्याचा कोड येतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे ताकद कमी करून कशीबशी चालण्यात, जाते. मग “टर्बो बी गेला” म्हणत दुसरं बिल तयार.

गाडी आणि इंजिन अगदी तंतोतंत जुळलं तरी अडचण संपत नाही. ईसीएम आणि चावीतली चिप यांची जोडी असते. परका ईसीएम लावला की सेल्फ फिरतो पण इंजिन उठत नाही, किंवा उठून लगेच बंद पडतं. यावर मिस्त्री ‘इमो ऑफ’ करून देतो, म्हणजे चिप ओळखणारं चोरीविरोधी कुलूप (इमोबिलायझर) बंद करतो. त्यानंतर बिनचिपची साधी कापलेली चावीसुद्धा गाडी चालू करते. चोराचं काम आपणच सोपं केलं. शिवाय इंजेक्टरच्या (डिझेल फवारणाऱ्या नळीच्या) डोक्यावर कोरलेले कोड ईसीएममध्ये भरावे लागतात. ते दुसऱ्या गाडीचे राहिले की इंजिन आयडलिंगला ठोकतं आणि थरथरतं.

बरोबर पद्धत म्हणजे क्लोनिंग. हार्डवेअर नंबर जुळणारा ईसीएम घेऊन आपल्या मूळ ईसीएमच्या फ्लॅश आणि ईईप्रॉम या मेमरी चिपमधला डेटा त्यात उतरवायचा. चावी, इंजेक्टर कोड, चेसिस नंबर सगळं सोबत येतं. त्यासाठी मूळ ईसीएम हातात हवा, म्हणून “मेलेला हाये, ठेवून काय करता” असं कोणी म्हटलं तर बिलकूल देऊ नका. काढण्याआधी लेबलचा फोटो काढा आणि खोक्यावर रंगाची खूण करा.

आणि खरंच ईसीएम गेला का? आधी बॅटरी: उभ्या गाडीत १२.४ व्होल्ट, सेल्फ मारताना १० च्या खाली जाऊ नये. मग ईसीएमचे फ्यूज, मेन रिले, बॉडीची अर्थ. डायग्नोस्टिक सॉकेटची १६ नंबरची पिन बॅटरीची, ४ आणि ५ अर्थच्या. तिथे करंट नसेल तर स्कॅनर मुकाच राहणार. बॅटरी सोडवून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर कॅन लाइन, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती वायरची जोडी, कुठेतरी तुटली आहे. सर्वांत जास्त फसवणारी जागा म्हणजे ईसीएमकडून सेन्सरना मिळणारी ५ व्होल्टची लाइन. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की ती पूर्ण लाइन बसते आणि ईसीएम मेल्यासारखा वाटतो. एकेक सेन्सरचं सॉकेट काढत जा. ५ व्होल्ट परत आले की चोर सापडला. इतकं न करता ईसीएमवर बोट ठेवणारा मिस्त्री एकतर अडाणी किंवा लबाड.

ईसीएम खरोखर जातो तो बहुधा आपल्याच करणीने. २४ व्होल्टच्या ट्रकवरून जंप देणं, केबल उलट्या लावणं, बॅटरी न काढता ट्रॉलीचा हूक वेल्डिंग करणं.

गाडी परत घेताना स्कॅनरवर ईसीएममधला चेसिस नंबर वाचायला लावा (बऱ्याच गाड्यांत दिसतो) आणि आरसीशी ताडून पाहा. वेगळा निघाला तर तो ईसीएम कोणाच्या गाडीतला, हा प्रश्न उद्या पोलीसही विचारू शकतात. फसलाच असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. बिलावर ‘जुना ईसीएम’ की ‘नवा’, त्याचा नंबर आणि आपला मूळ ईसीएम परत दिल्याची नोंद लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर आयोगापुढे काही सिद्ध करणं अवघड जातं.