पुरानंतर लेकरू कुठं ठेवायचं, आजीजवळ का बालगृहात?

२०२० च्या ऑगस्टमधे वैनगंगेले पूर आला तवा कितीक घरं पान्यात गेली, अशा वक्ती मायबाप दिवसभर घरातला चिखल काढतात अन पोट्टे शाळेतल्या कॅम्पात एकटे, याले मुद्दाम केलेलं दुर्लक्ष म्हनू नका राजेहो.

बालगृहात जेवन, शाळा पक्की, पन रात्री रडलं तर जवळ घेनारं आपलं कोनी नसते. आजीजवळ माया हाय पन म्हातारीलेच रेशन पुरत नाही, तिथं सरकारच्या बालसंगोपन योजनेचे (लेकरू घरातल्या मानसाजवळच राहावं म्हनून मिळनारी मदत) महिन्याचे २२५० रुपये कामात येतात (कागदं जमवता जमवता चपला झिजतात ते वेगळं). मी तर आजीच म्हनीन. घरातच मारहान असंन तर मात्र १०९८ या लेकरांच्या हेल्पलाइनले फोन लावा, लेकरू ताब्यात घेतलं का २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर (लेकरू कुठं ठेवायचं ते ठरवनारी जिल्ह्याची सरकारी समिती) न्यावंच लागते.