दाढेसाठी साधा एक्स-रे की सीबीसीटी?

यवतमाळ-गडचिरोलीकडे तालुक्याच्या गावी दाताच्या दवाखान्यात साधा एक्स-रे लगेच निघतो. सीबीसीटी म्हणजे दाताचा थ्री-डी स्कॅन; त्यासाठी बहुतेकांना जिल्ह्याचं ठिकाण नाहीतर नागपूर गाठावं लागतं. एसटीचं भाडं आलं, मजुरी बुडाली ती वेगळीच. मग जायचं कशाला?

साधा एक्स-रे सपाट असतो, म्हणून. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला मुळं बहुधा तीन, पण गालाकडच्या पुढच्या मुळात पुष्कळदा दोन नळ्या असतात. फिल्मवर त्या एकामागे एक येतात आणि एकच दिसते. दुसरी साफ न होता राहिली, तर रूट कॅनल करूनही ठणका परत येऊ शकतो. सीबीसीटीत तेच मूळ आडवं कापल्यासारखं दिसतं, आत दोन काळे ठिपके. खालच्या दुसऱ्या दाढेतली इंग्रजी 'सी'सारखी नळीही तिथंच नीट कळते.

तरी प्रत्येक पेशंटला नागपूरला धाडणं मला पटत नाही. सीबीसीटीत किरणंही जास्त. पुढच्या दातांना साधा एक्स-रे बहुधा पुरतो. दाढेचा दुसरा एक्स-रे ट्यूब थोडी तिरकी करून काढला, तर एकावर एक आलेल्या नळ्या बऱ्याचदा वेगळ्या होतात. पण रूट कॅनल झालेली दाढ पुन्हा दुखत असेल, तर सीबीसीटी कराच. जुने एक्स-रे सोबत न्या.