शिकागोच्या मेयरांची वॉकिंग टूर : बाबा खुश, गुडघे नाराज

बाबा मिरजेहून आलेत तीन महिन्यांसाठी. आयुष्यभर नगरपालिकेत नोकरी, त्यामुळे बोट टूर झाली, ते बीन का काय ते शिल्प दाखवून झालं तरी चेहऱ्यावरची रेष हलेना. मग ही टूर दिसली, शिकागोचे मेयर आणि त्यांच्या निवडणुका, अडीच तास, पायी. बुक करून टाकली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण तक्रारी पण आहेत.

सुरुवात सिटी हॉलच्या लासाल स्ट्रीटच्या बाजूने. गाईड रिटायर्ड शाळामास्तर, आवाज खणखणीत, ते बरं झालं कारण हेडसेट नुसते खरखरत होते, बाबांनी पाच मिनिटांत काढून खिशात टाकला. आणि पहिलाच प्रश्न, "ते ठीक आहे, पण इथे आयुक्त कोण?" मी ट्रान्सलेट केलं तर गाईड हसायलाच लागला, म्हणे कमिशनर इथे खात्यागणिक असतात, रस्ते-सफाईचा वेगळा, पाण्याचा वेगळा, आणि त्यांना मेयरच नेमतो. आपल्याकडे महापौर अडीच वर्षं मानाच्या खुर्चीत आणि चाव्या आयुक्तांकडे, इथे लोक थेट मेयरला मत देतात आणि चाव्या पाचव्या मजल्यावर. शिकागोत 'पाचवा मजला' म्हटलं की मेयरचं ऑफिस.

मग त्याने जेन बर्नचा किस्सा असा रंगवला ना! ती आधी अशीच एक कमिशनर, मेयर बिलॅन्डिकने तिला काढून टाकलं. पुढे जानेवारी १९७९ मध्ये तुफान बर्फ पडला, रस्ते साफ होईनात, त्यात लोकल ट्रेन काळ्या लोकांच्या वस्त्यांमधली स्टेशनं गाळून पुढे जायला लागल्या. फेब्रुवारीत प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, आणि बाईंनी बिलॅन्डिकला पाडलं. शहराची पहिली महिला मेयर. बाबा म्हणाले, "आमच्याकडे गटारी तुंबल्या की असंच व्हायचं."

पण गाईडचा जीव हॅरॉल्ड वॉशिंग्टनवर, शहराचा पहिला काळा मेयर. १९८३ च्या प्रायमरीत बर्न आणि धाकटा डेली (याचा बापही मेयर होता) यांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि वॉशिंग्टन निघाला. तेव्हा या डेमोक्रॅट शहरात एवढं झालं की खरं तर तिथेच विषय संपायचा, पण काळा उमेदवार म्हटल्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे गोरे डेमोक्रॅट चक्क रिपब्लिकन एप्टनला मतं द्यायला गेले. मतदान ८० टक्क्यांच्या वर, फरक जेमतेम ४८ हजार. निवडून आला तर सभागृहात ५० पैकी २९ नगरसेवक विरोधात, नेमणुका अडवल्या, सगळं अडवलं. बाबा एकदम ताठ उभे, हा खेळ त्यांना तोंडपाठ! पुढे कोर्टाच्या आदेशाने वॉर्ड बदलले, १९८६ मध्ये सात वॉर्डांत पोटनिवडणुका झाल्या, २५-२५ झाले आणि निर्णायक मत मेयरचं. नंतर परत निवडून आला आणि नोव्हेंबर १९८७ मध्ये त्याच पाचव्या मजल्यावर, टेबलाशी बसलेला असताना हार्ट अटॅकने गेला. हे सांगताना मास्तरांचा आवाज बसला होता.

आता तक्रारी. १८३७ चा पहिला मेयर ऑग्डेन ते १९५५, म्हणजे थोरला डेली येईपर्यंतचं, हे सगळं दहा मिनिटांत उरकलं. मेयर कार्टर हॅरिसनला १८९३ मध्ये त्याच्या घरात गोळी घातली, मेयर सर्माकला १९३३ मध्ये मायामीत रूझवेल्टशेजारी लागली, आणि दोघांना मिळून दोन वाक्यं?? आणि आणखी एक मेयर बिग बिल थॉम्पसन, जो विरोधकांच्या नावाने दोन जिवंत उंदीर घेऊन स्टेजवर उभा राहिला होता, त्याचं नावसुद्धा नाही. ते घरी येऊन मलाच सांगावं लागलं.

डेली बाप-लेक मिळून ४३ वर्षं मेयर, त्यांच्याबद्दल फारच गोड गोड. धाकट्याने २००८ मध्ये शहराचे पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी साधारण ११५ कोटी डॉलरला देऊन टाकले ते गाईड मी विचारल्यावर बोलला. मी विचारणारच, सकाळीच मीटरमध्ये पैसे ओतून आले होते.

शेवट हॅरॉल्ड वॉशिंग्टन लायब्ररीत. तोवर बाथरूमचा एकही स्टॉप नाही, बसायला बाक नाही, वयस्कर माणसं असतील तर आधीच सांगून ठेवा. पाचपैकी चार स्टार, हेडसेट चालले असते तर साडेचार.

बाबांना आता नगरसेवकाचं वॉर्ड ऑफिस आतून बघायचंय. त्याची टूर कुठे मिळते?