श्वासाचा रकाना: घरी येणाऱ्या परिचारिका सेवेविषयी अभिप्राय

न्यूमोनियातून उठलेल्या माझ्या ७६ वर्षांच्या आईला रुग्णालयातून मुलुंडच्या घरी आणले, तेव्हा नाडी, रक्तदाब, तापमान, श्वासाची गती आणि ऑक्सिजनचे प्रमाण दिवसातून तीनदा नोंदवायला डॉक्टरांनी सांगितले होते. आम्ही दोघेही सकाळच्या लोकलने कामावर जाणारे असल्यामुळे घरी परिचारिका पाठवणाऱ्या एका संस्थेकडून १५ दिवसांसाठी १२ तासांची सेवा घेतली. पुढे एक तक्रार आहे आणि ती दूर करण्याची तयारी संस्थेने दाखवली आहे, म्हणून तिचे नाव येथे देत नाही.

पहिल्या दिवशी आलेल्या सिस्टरनी पिशवीतून आधी यंत्र नव्हे, मोजपट्टी काढली. आईच्या दंडाचा घेर जेमतेम २० सेंटिमीटर भरला. आमच्या रक्तदाबाच्या यंत्रासोबतचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, २२ ते ३२ सेंटिमीटरच्या दंडासाठी होता. कफ मोठा पडला तर रक्तदाब आहे त्याहून कमी दिसतो आणि लहान पडला तर जास्त, हे त्यांनी समजावून सांगितल्यावर मी त्याच संध्याकाळी प्रिन्सेस स्ट्रीटवरून लहान कफ आणला. पलंगाच्या कडेला बसलेल्या आईचे पाय लोंबकळत होते, तर सिस्टरनी स्वयंपाकघरातला पाट आणून पायांखाली ठेवला, पाठीला उशी लावली, हात छातीच्या पातळीवर येईल असा दुसऱ्या उशीवर टेकवला आणि पाच मिनिटे काहीच केले नाही. आई बोलू लागली की त्या म्हणत, “आजी, एवढं होऊ द्या, मग सगळं ऐकते.” बोलण्यानेही रक्तदाब वर जातो, हे मला तोवर माहीत नव्हते. सकाळचा चहासुद्धा मोजणी झाल्यावरच मिळे. ऑक्सिमीटर लावण्याआधी त्या आईचे गार पडलेले बोट तळहातात धरून ऊब देत आणि यंत्रावरची नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळते की नाही, हे पाहूनच आकडा लिहीत.

मात्र या सेवेचे खरे मोल मला श्वासाच्या मोजणीत दिसले. नाडी मोजून झाल्यावरही सिस्टर आईचे मनगट सोडत नसत. नजर घड्याळावरून हळूच आईच्या अंगावरच्या शालीकडे वळे आणि त्या शालीची घडी वरखाली होताना पूर्ण मिनिटभर मोजत राहत. आपला श्वास कोणी मोजत आहे हे कळले की माणसाचा श्वास बदलतो, म्हणून हे रुग्णाच्या नकळत करायचे असते. विश्रांतीत असलेल्या प्रौढ व्यक्तीचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. आईचा त्या आठवड्यात १८ ते २० होता.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या सिस्टर दोन दिवस सुट्टीवर गेल्या आणि बदली सिस्टर आल्या. त्या स्वभावाने प्रेमळ होत्या, औषधेही वेळेवर दिली. पण दोन्ही दिवसांच्या तक्त्यात श्वासाच्या रकान्यात सहाही वेळा १८ हाच आकडा होता. मलाही तो पाहून हायसेच वाटले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सिस्टर परतल्या, त्यांनी मनगट धरले, एकदा मोजले, थोड्या वेळाने पुन्हा मोजले आणि २६ लिहिले. ताप ९९ होता, ऑक्सिजन ९४ आणि रक्तदाब नेहमीसारखा. फुप्फुसाचा काही भाग नीट काम करत नसला तरी शरीर श्वास वाढवून ऑक्सिजन काही काळ सांभाळून घेते, त्यामुळे ऑक्सिमीटर पाहणाऱ्याला धोका उशिरा कळतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारलेल्या ‘न्यूज टू’ या गुणपद्धतीत रुग्णाच्या प्रत्येक नोंदीला गुण देतात आणि गुण जितके जास्त तितका धोका जास्त मानतात. तीत श्वास २५ किंवा त्याहून जास्त असल्यास त्या एकाच नोंदीला तीन गुण मिळतात, आणि एकाच घटकाला तीन गुण मिळाले तरी रुग्णाची तातडीने तपासणी करावी असे सांगितले आहे. सिस्टरनी लगेच डॉक्टरांना फोन केला, दुपारी एक्स-रे झाला, औषध बदलले आणि पुन्हा भरती करण्याची वेळ आली नाही.

न मोजता लिहिलेला आकडा रिकाम्या रकान्यापेक्षा घातक असतो, असे माझे ठाम मत झाले आहे, कारण रिकामा रकाना पाहून निदान कोणीतरी विचारते. मी हे व्यवस्थापकांना लेखी कळवले. संस्थेच्या छापील तक्त्याबद्दलही सांगितले: त्यात रक्तदाब बसून घेतला की झोपून, कोणत्या हाताचा घेतला आणि श्वास किती वेळ मोजला, हे लिहायला जागाच नाही. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या वृद्धाला उभे केल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तोल जाण्याची भीती असते. अशा नोंदीसाठी तरी वेगळा रकाना हवा.

सेवेचा दर आमच्यासारख्या घराला जड जातो, वेळ मात्र चोख पाळली जाते. आम्ही ती आणखी १५ दिवसांसाठी घेतली आहे. यापुढे बदली सिस्टर पाठवायची असेल तर त्यांनी आधी एक सकाळ आमच्या सिस्टरसोबत आईजवळ बसून सगळी मोजणी करावी, अशी अट मी घातली आणि व्यवस्थापकांनी ती लेखी मान्य केली आहे.