लोरेइरो घ्यावी की अल्वारिन्यो?

विन्यो व्हेर्देच, म्हणजे उत्तर पोर्तुगालची वाइनच घ्यायची एवढं ठरलं असेल, तर आधी ती मिश्र द्राक्षांची, जराशी गोड, वरून गॅस भरलेली स्वस्त बाटली बाजूला ठेवा. उन्हाळ्यात गारेगार प्यायला ठीक आहे, जेवणाशी तिचं फारसं जमत नाही. खरी निवड आहे ती लिमा नदीच्या खोऱ्यातली लोरेइरो आणि पार उत्तरेची, मोंसाव-मेल्गासोची अल्वारिन्यो या दोन द्राक्षांच्या पांढऱ्या वाइनमध्ये.

लिमाचं खोरं समुद्राकडे उघडं, म्हणून लोरेइरो हलकी आणि आंबटसर. तिचं सगळं वैभव वासात: संत्र्याची फुलं, लिंबाची साल, मागे किंचित तमालपत्र. मोंसाव-मेल्गासो डोंगरांच्या आडोशाला आहे. अटलांटिकचा वारा-पाऊस तिथे कमी पोचतो, द्राक्ष नीट पिकतं आणि अल्कोहोल सहज 13 टक्क्यांपर्यंत जातं. मिन्यो नदी ओलांडली की स्पेनमध्ये याच द्राक्षाला अल्बारिन्यो म्हणतात, आणि ‘मूळचं आमचंच’ असं दोन्ही काठ सांगतात.

नुसत्या ताटावर निकाल द्यायचा तर मी लोरेइरोकडे झुकलो असतो. लसूण, ऑलिव्ह तेल आणि वर मूठभर कोथिंबीर घातलेले शिंपले, ज्यांना पोर्तुगालमध्ये बुल्याव पातो या कवीचं नाव आहे, ते तिच्यासोबतच खावेत. पोर्तुगीज कोथिंबीर सढळ हाताने वापरतात. तिसऱ्यांवर वाढलेल्या माणसाला हे ताट परकं वाटत नाही. जूनमध्ये कोळशावर भाजलेली सार्डिनही लोरेइरोसोबत छान लागते, कारण तिचा आंबटपणा माशाचं तेल कापतो. आणि घरी सुरमईला तिखट-मीठ लावून तळणार असाल तरीही तीच घ्या. अल्कोहोल जास्त असलं की तिखट जिभेवर आणखी पेटतं, तिथे अल्वारिन्यो मार खाते.

बाकाल्याव आला की चित्र पालटतं. खारवलेला कॉड भिजवून, क्रीम घालून भाजलेला असो की ऑलिव्ह तेलात लसणीबरोबर, लोरेइरो त्याच्यापुढे पाण्यासारखी लागते. भाजलेला ऑक्टोपस, सीफूड घातलेला रसदार भात, यांनाही अल्वारिन्योच पुरी पडते.

पण माझ्यापुरता निकाल ताटावर लागला नाही, फ्रिजमध्ये लागला. आम्ही घरात दोघंच, त्यातही एकाचा पेला अर्ध्यावर थांबतो. म्हणजे बाटली दुसऱ्या दिवसावर जाणारच. लोरेइरोचा वास रात्रीत उडून जातो. बूच घट्ट लावून पाहिलं, उरलेली छोट्या बाटलीत काठोकाठ भरून पाहिली. सकाळी उरतो तो आंबटपणा आणि मग ती शिंपल्यांच्या पातेल्यात जाते. चांगल्या उत्पादकाची लोरेइरो टिकतही असेल, पण आमच्या पेठेत परवडणारी तरी टिकत नाही. अल्वारिन्यो मात्र दुसऱ्या संध्याकाळी तितकीच भरीव लागते, कधीकधी पहिल्यापेक्षा मोकळी. आमच्याकडे ती जवळजवळ दुपटीने महाग पडते, हे खरं. पण निम्मी बाटली रश्शात ओतायची असेल तर स्वस्त नेमकी कुठली?

चार-सहा जण जेवायला असतील आणि बाटली बसल्या बैठकीत संपणार असेल, तर माझा हा मुद्दाच उरत नाही. खुशाल लोरेइरो आणा, त्यातही ताज्या वर्षाची.

अल्वारिन्यो घेताना मात्र लेबल नीट वाचा. मोठ्या अक्षरांत अल्वारिन्यो आणि खाली बारीक अक्षरांत त्राजादुरा हे दुसरं द्राक्ष, अशा मिश्र बाटल्या भरपूर दिसतात. त्या वाईट नसतात, पण त्यांच्याकडून अस्सल अल्वारिन्योचा भरीवपणा मागू नका. मोंसाव-मेल्गासो असं लिहिलेली घ्या, वर्ष एक-दोन मागचं असलं तरी चालेल, आणि ओतण्याआधी थोडा वेळ फ्रिजबाहेर काढून ठेवा. फार गार असली की ती काहीच बोलत नाही.