शाळेचे पालक ॲप : हजेरीची खबर वेळेवर, अभ्यासाची अपुरी

नाशिकच्या पंचवटीतील ज्या शाळेत माझी मुलगी सातवीत शिकते, त्या शाळेने ती सहावीत गेली त्या जूनमध्ये पालकांसाठी एक मोबाइल ॲप सुरू केले. त्यासाठी वर्षाला अडीचशे रुपये फीसोबत घेतले जातात आणि त्या बदल्यात रोजची हजेरी, गृहपाठ, परीक्षेचे निकाल व शाळेच्या सूचना घरबसल्या मिळतील, असे पहिल्या पालकसभेत सांगण्यात आले होते. या गोष्टीला आता दीड वर्ष झाले. अशा सेवांची निवड करणाऱ्या शाळांना आणि पैसे भरणाऱ्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. शाळेचे किंवा ॲपचे नाव लिहिण्याची गरज मला वाटत नाही, कारण येथे मांडलेले प्रश्न एकाच कंपनीचे नाहीत.

आमच्या घराची रीत आधी सांगते. यजमान अंबडच्या कारखान्यात पाळीने काम करतात आणि कामाच्या जागी मोबाइल जवळ ठेवता येत नाही. मी कॉलेज रोडवरील एका दवाखान्यात सकाळी आठपासून असते. दुपारी मुलगी घरी येते तेव्हा सासूबाई असतात. मुलगी चौथीपर्यंत होती तेव्हा शाळेत काय झाले ते बूट काढता काढता सांगत असे. सहावीपासून ते बोलणे आटले. एका बाईंच्या जागी प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक आले, त्यामुळे विचारायचे तरी कोणाला, हेही कळेनासे झाले. या वयातील मुलांच्या पालकांना शाळेकडून येणारी माहिती लहान वर्गांपेक्षा अधिक लागते आणि नेमकी याच वेळी ती कमी होते, हा माझा अनुभव आहे.

हजेरीच्या बाबतीत ॲपने आपले काम चोख केले, हे प्रथम नोंदवले पाहिजे. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी घंटा होते आणि आठच्या आत हजर किंवा गैरहजर असा संदेश आई, वडील व आजी अशा तिन्ही मोबाइलवर येतो. महिन्याच्या पानावर हिरव्या व लाल ठिपक्यांत सगळे दिवस एका नजरेत दिसतात. मागील वर्षी त्याच पानाकडे पाहताना माझ्या लक्षात आले की दीड महिन्यातील पाच गैरहजेऱ्यांपैकी चार गुरुवारच्या होत्या. दर वेळी पोट दुखण्याचे कारण खरेच वाटले होते आणि प्रत्येक वेळी सुट्टी मीच मंजूर केली होती. गुरुवारी पहिल्या तासाला गणिताची तोंडी चाचणी असते, हे वर्गशिक्षिकांना विचारल्यावर समजले. वहीतील हजेरीवरून हे मला कधीच दिसले नसते.

मात्र याच सोयीने एकदा आमच्या तोंडचे पाणी पळवले. ऑगस्टमधील एका सकाळी मुलगी नेहमीप्रमाणे रिक्षातून गेली आणि सव्वाआठला ‘गैरहजर’ असा संदेश आला. शाळेचा फोन सतत व्यग्र लागत होता. रिक्षावाल्या काकांनी तिला फाटकात सोडल्याचे सांगितले, त्याने काळजी कमी होण्याऐवजी वाढलीच. सासूबाई छत्री घेऊन शाळेकडे निघाल्या आणि मी दवाखान्यातून रजा घेऊन तिकडे धावले. पाऊण तासाने कळले की विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीसाठी आठ मुली प्रयोगशाळेत बसल्या होत्या आणि वर्गात दिसल्या नाहीत म्हणून त्यांची गैरहजेरी लागली होती. चूक शिक्षकांची म्हणण्यापेक्षा ॲपच्या रचनेची अधिक होती, कारण त्यात हजर आणि गैरहजर याखेरीज तिसरा पर्यायच नव्हता. आम्ही काही पालकांनी लेखी मागणी केल्यावर ‘शालेय कामासाठी वर्गाबाहेर’ हा पर्याय आला आणि गैरहजेरीचा संदेश जाण्यापूर्वी कार्यालयातून एकदा पडताळणी होऊ लागली. संदेश दहा मिनिटे उशिरा आला तरी चालेल, पण तो खरा असला पाहिजे, हे कोणत्याही शाळेने पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.

आता अभ्यासाविषयी. शिक्षण हक्क कायदा २००९ मधील कलम २४ नुसार पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता व शिकण्यातील प्रगती यांची माहिती पालकांना देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. म्हणजे कायद्याने हजेरी आणि शिकणे या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत ठेवल्या आहेत. ॲपने पहिली उचलली आणि दुसरीच्या जागी एक अक्षर ठेवले. ‘प्रगती’ या भागात गेले की विषयापुढे श्रेणी दिसते. माझ्या मुलीच्या गणितापुढे ‘ब-२’ होते. ब-२ म्हणजे ६१ ते ७० टक्के, हे मला शोधावे लागले. सातवीला आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात होणाऱ्या, मूल्यमापनाचा भार ४० टक्के आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या, मूल्यमापनाचा ६० टक्के असतो, त्यामुळे वर्षभराच्या तोंडी कामात, प्रकल्पात व स्वाध्यायात मूल कोठे मागे पडले आणि लेखी परीक्षेत कोठे, हे वेगळे कळणे महत्त्वाचे असते. ॲपमध्ये ते वेगळे दाखवलेले नाही. ब-२ पाहून पालकाने आज संध्याकाळी मुलाला घेऊन बसायचे तर नेमके काय घेऊन बसायचे, या प्रश्नाचे उत्तर त्या पानावर मिळत नाही.

ते उत्तर मला ज्या कागदावर मिळाले तो ॲपच्या बाहेरचा होता. प्रथम सत्राच्या पालकसभेत गणिताच्या मॅडमनी मुलीची वही उघडून समोर ठेवली. ऋण तीन गुणिले ऋण चार, आणि त्यापुढे उत्तर ऋण बारा. त्याखालच्या सहा उदाहरणांत तीच चूक होती. मॅडम म्हणाल्या, “ताई, हिचा गुणाकार पक्का आहे, चिन्ह मात्र ती सवयीने लिहिते. घरी रोज चारच उदाहरणे द्या, पण आधी चिन्ह मोठ्याने बोलायला लावा आणि मग आकडा लिहू द्या.” पूर्ण संभाषण तीन मिनिटांचे असेल. आम्ही ते तीन आठवडे पाळले. संध्याकाळी पोळ्या लाटताना मी उदाहरण सांगायचे आणि तिने आधी ‘धन’ किंवा ‘ऋण’ म्हणायचे, असा क्रम ठरला. पुढच्या चाचणीत ती चूक एकदाच झाली, आणि गुरुवारचे पोटही दुखेनासे झाले.

आपल्या प्रगतिपत्रकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड, छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे वर्णनात्मक नोंदींचे रकाने असतात. शिक्षक त्या नोंदी तशाही लिहितात. त्याच नोंदी सत्राच्या अखेरीस न देता महिन्यातून एकदा दोन ओळींत पालकांच्या मोबाइलवर आल्या, तर या सेवेचे मोल कितीतरी वाढेल. ॲपमध्ये त्यासाठी जागा आहे, मात्र त्यात मजकूर लिहिण्याऐवजी तयार यादीतून ‘चांगले’, ‘समाधानकारक’, ‘अधिक प्रयत्न हवेत’ यांपैकी एक निवडावे लागते. पन्नाशीच्या वर मुले असलेल्या वर्गात शिक्षकांवर लिहिण्याचा भार पडतो, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणूनच सर्व विषयांचा आग्रह मी धरणार नाही, ज्या विषयात मूल अडले आहे त्याची नोंद आली तरी पुरे.

भाषेचा आणि साध्या फोनचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. ॲप इंग्रजीत उघडते, मराठीचा पर्याय शोधून निवडावा लागतो आणि तेथील मराठीही ‘आपला पाल्य अनुपस्थित चिन्हांकित केला आहे’ अशा वळणाचे आहे. सासूबाईंना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला. मुलीच्या वर्गात अशी मुलेही आहेत ज्यांचे आईवडील हंगामात मखमलाबाद आणि दिंडोरीकडील द्राक्षबागांत कामाला जातात. बागेची तोड सुरू झाली की धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी सहावी-सातवीतील मुलगी घरी राहते. तिच्या घरी बटनांचा फोन असतो आणि ॲप त्यावर चालत नाही, साधा एसएमएसही जात नाही. ज्या घरापर्यंत गैरहजेरीची खबर सर्वांत आधी पोहोचायला हवी, तेच घर या व्यवस्थेबाहेर राहते. आमच्या वर्गशिक्षिका अशा पालकांना स्वतः फोन करतात, आणि त्या फोनचा खर्चही त्याच सोसतात.

पावसाळी सुट्टीच्या सूचना मात्र उशिरा येतात. ज्या मूर्तीवरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात त्या नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीला गोदावरीचे पाणी लागल्याची बातमी गल्लीत पोहोचलेली असते, रिक्षा दारात उभी असते आणि ॲपवरची सूचना मुले शाळेत पोहोचल्यावर दिसते.

शाळांनी अशी सेवा घ्यावी का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. हजेरीपुरती ती पैसे वसूल करते. मात्र करार करण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनी तीन गोष्टी समोर चालवून पाहाव्यात : गैरहजेरीचा संदेश साध्या फोनवर जातो का, मजकूर घरात बोलल्या जाणाऱ्या मराठीत आहे का, आणि शिक्षकाला स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहिता येतात का. पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाआधी या मागण्या कंपनीपुढे ठेवण्याचे आमच्या शाळेने मान्य केले आहे. तोपर्यंत गणिताच्या मॅडम दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने दोन ओळी लिहून देतात. त्याखाली सही सासूबाई करतात, कारण त्या ओळी त्यांना कोणाच्या मदतीशिवाय वाचता येतात.